बेचाळीस पायऱ्या

आमच्या स्टेशनचा पूर्वेकडचा जिना बेचाळीस पायऱ्यांचा आहे. एकवीस पायऱ्या, मग चार पावलांचा सपाट भाग, मग परत एकवीस. याच स्टेशनवरून मी कॉलेजला गेले, नोकरीला लागले, तरी हा आकडा मला ठाऊक नव्हता. पळत गाडी पकडणारं माणूस पायऱ्या मोजत नाही. मोजायची वेळ आली ती २०२१ साली, अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा.

अण्णा म्हणजे माझे वडील. १९७९ साली ते रेल्वेत गँगमन म्हणून, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत लागले आणि २०१६ साली रिटायर झाले तेव्हा की-मॅन होते. रेल्वेबाहेरच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागतो. पूर्वी रूळ स्लीपरला, म्हणजे खालच्या आडव्या ओंडक्यांना, लोखंडी चाव्यांनी जखडलेला असायचा. गाड्यांच्या हादऱ्याने चाव्या सैल व्हायच्या. रोज आपल्या हद्दीतून चालत जाऊन त्या ठोकून घट्ट करणारा तो की-मॅन. पुढे काँक्रीटचे स्लीपर आले, चावीच्या जागी वळवलेल्या जाड सळईची क्लिप आली, पण नाव तेच राहिलं आणि चालणंही तेच. सकाळी निघायचं, जाताना एक रूळ बघत जायचं, येताना दुसरा. सोबत हातोडा, पाना, लाल-हिरवे झेंडे, थोड्या जादा क्लिपा आणि एका डबीत फटाके. हे फटाके रुळावर बांधायचे असतात. पुढे धोका असला की की-मॅनने ते लावायचे आणि चाकाखाली आवाज झाला की मोटरमनने गाडी थांबवायची.

जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर, तेही खडीवरून. खडीवर पाऊल कधीच सपाट पडत नाही, दर वेळी घोटा कुठेतरी वळतो. संध्याकाळी आई घमेल्यात गरम पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यांच्या पुढ्यात ठेवायची. पाय पाण्यात सोडून ते डोळे मिटून बसत. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा आमच्या घरातला अलिखित नियम होता. त्यांचे तळवे मला अजून आठवतात. टाचा भेगाळलेल्या, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याखाली एक घट्टा, रुपयाच्या नाण्याएवढा.

रविवारी अण्णा दुपारी घरी जेवलेत असं मला फारसं आठवत नाही. रविवार म्हणजे ब्लॉक, दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद. मध्य रेल्वेवर त्याला मेगाब्लॉक म्हणतात, पश्चिम रेल्वेवर जम्बोब्लॉक. साधारण दहा-अकराला सुरू होतो आणि तीन-चारच्या पुढे संपतो. मुंबईत त्या दिवशी कुणाचं लग्न असतं, कुणी पाहुण्यांकडे निघालेलं असतं, आणि गाडी वीस मिनिटं उशिरा आली की फलाटावर सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: ‘दर रविवारी काय करत असतात हे लोक?’ शाळेत असताना एकदा मावशीकडे निघालो होतो. फलाटावर एका बाईंनी हेच म्हटलं, आणि आई पटकन म्हणाली, ‘आमचे हे तिथेच आहेत.’ त्या बाई गप्प झाल्या. पुढे काय बोलावं ते आईलाही सुचलं नाही. तिने पदर सारखा केला आणि गाडी येईल त्या बाजूला बघत राहिली. जाताना खिडकीतून मी शोधत होते. नारिंगी कपड्यातली पंचवीस-तीस माणसं रुळाच्या कडेला उभी होती, गाडी जाईपर्यंत पहारी खाली टेकवून. त्यात अण्णा कोण ते ओळखता आलं नाही. सगळ्यांची तोंडं घामाने आणि खडीच्या धुळीने सारखीच झाली होती.

मुंबईच्या लोकलला डागडुजीसाठी वेळच नाही, हे मला फार उशिरा कळलं. रोज तीन हजारांहून जास्त फेऱ्या, आणि रात्री शेवटची गाडी कारशेडला गेल्यापासून पहाटेची पहिली सुटेपर्यंत जेमतेम तीन तास. त्या तीन तासांत ओव्हरहेड वायरचा प्रवाह बंद करायचा, सामान जागेवर न्यायचं, काम करायचं, सगळं परत उचलायचं, रूळ तपासायचा आणि प्रवाह चालू करायचा. हाती उरतो दीड तास. म्हणून रविवार. १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, १९२५ साली ३ फेब्रुवारीला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली, या तारखा आपण कौतुकाने सांगतो आणि सांगाव्यातही. पण त्या दोन दिवसांनंतर प्रत्येक दिवशी कुणीतरी त्या मार्गाच्या कडेने चालत गेलेलं आहे, एक रूळ बघत जाऊन दुसरा बघत परत आलेलं आहे, म्हणून ती गाडी आजही धावते आहे.

एका जानेवारीतली गोष्ट अण्णा नेहमी सांगायचे. थंडीत रूळ आकसतो. लांबच लांब जोडलेल्या रुळाला आकसायला जागा नसते, ताण वाढत जातो आणि जिथे जोड कच्चा असेल तिथे तो तुटतो. मुंबईत थंडी ती काय, पण पहाटेचा गारठाही रुळाला तडा जायला पुरतो. त्या दिवशी अण्णांना बोटभर रुंदीची फट दिसली. मागे पळत जाऊन त्यांनी फटाके लावले आणि लाल झेंडा घेऊन उभे राहिले. लोकल थांबली. मग गँग आली, तुटलेल्या जागी दोन्ही बाजूंनी फिशप्लेट, म्हणजे जोडाची लोखंडी पट्टी, लावून शिकंज्याने आवळली, आणि गाडी माणसाच्या चालीने पलीकडे नेली. या सगळ्यात पाऊण तास गेला. तेवढा वेळ दारात लटकलेली माणसं त्यांना काय-काय बोलत होती. अण्णा म्हणायचे, ‘बोलू देत. उतरले ना सगळे जिथं उतरायचं होतं तिथं.’

या गोष्टीत एक शिस्त आहे आणि ती मला मोठेपणी फार महत्त्वाची वाटू लागली. रूळ तुटला तर गाडी थांबते. मागे शंभर गाड्या खोळंबू देत, साहेबाचा फोन येऊ दे, रूळ जोडल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. तो जोडला गेला की नाही, हे बघणारा माणूस नेमलेला असतो, त्याची वही असते, वहीत त्याची सही असते.

आता जिन्याकडे येते.

झटका आल्यावर अण्णांची डावी बाजू गेली. वर्षभराच्या व्यायामाने पाय थोडा परत आला. घरात काठी धरून चालतात, दोन-तीन पायऱ्या कठड्याला धरून चढतात. बाहेर जायचं तर व्हीलचेअर. फिजिओथेरपीचं रुग्णालय आमच्यापासून दोन स्टेशनांवर. लोकलने दहा मिनिटं आणि दहा रुपयांच्या आतलं तिकीट. टॅक्सीने जाऊन-येऊन सहाशे रुपये, आठवड्यातून दोनदा. रिटायर झालेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला फुकट प्रवासाचे पास मिळतात. अण्णा ते कागद पत्र्याच्या पेटीत, पोलिओच्या कार्डापासून जपलेल्या आमच्या सगळ्या कागदांच्या वर ठेवायचे. २०२१ नंतर त्यांनी एकही पास काढलेला नाही.

आमच्या स्टेशनला लिफ्ट आहे. चांगली आहे, स्टीलची, बारा-तेरा माणसं मावतील अशी. पण रस्त्यावरून लिफ्टच्या दारापर्यंत जायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या दिवशी मी आणि माझा नवरा खुर्ची घेऊन त्या तीन पायऱ्यांपुढे उभे राहिलो तेव्हा मला खरंच समजेना, की हे ज्याने कागदावर काढलं, ज्याने बांधलं, ज्याने पाहून ताब्यात घेतलं, त्यांच्यापैकी एकालाही लिफ्ट कुणासाठी असते हे आठवलं कसं नाही? शेजारच्या नारळवाल्याने तिथे एक पत्रा टाकला आहे, त्याच्या हातगाडीसाठी. त्याच पत्र्यावरून आम्ही खुर्ची चढवतो. एक मागून ढकलतो, एक पुढून दांडी धरतो. उताराचा साधा नियम असा, की एक हात उंची चढायला बारा हात लांबी हवी. तीन पायऱ्यांची उंची धरा दीड फूट, म्हणजे उतार अठरा फूट लांब हवा. नारळवाल्याचा पत्रा आहे पाच फुटांचा. त्यावरून चढताना खुर्ची मागे कलते, आणि दर वेळी अण्णा आपला चांगला हात हवेत धरतात, काहीतरी पकडायला असावं तसा.

आणि ती लिफ्ट बंद असते. नेहमी नाही, पण इतक्या वेळा, की निघण्याआधी कुणीतरी जाऊन बघून यावं लागतं. गेल्या पावसाळ्यात ती पाच आठवडे बंद होती. दाराला सुतळीने एक पुठ्ठा बांधलेला, त्यावर लिहिलेलं: दुरुस्तीसाठी बंद. पाऊस लागून शाई खाली ओघळली होती. त्या पाच आठवड्यांत एकही गाडी थांबली नाही, कुठे फटाका वाजला नाही, कुठे लाल झेंडा लागला नाही. स्टेशनची तिकीटविक्रीही तेवढीच राहिली असणार, कारण लिफ्ट बंद असल्यामुळे जो आलाच नाही त्याने तिकीट काढलेलंच नसतं. मोजायला तिथे काहीच राहत नाही. रुळाचा तडा सगळ्या शहराला कळतो. लिफ्टचा तडा एका घरात कळतो, जिथे सकाळी एक म्हातारा शर्ट घालून, केस विंचरून बसलेला असतो आणि त्याला सांगावं लागतं, ‘अण्णा, आज टॅक्सी करू.’

एकदा मी लिफ्टच्या मेकॅनिकला गाठलं. पंचविशीतला मुलगा, पायरीवर बसून वायरी सोलत होता. त्याने सगळं नीट सांगितलं. दाराला सेन्सर असतो. लोक बंद होणारं दार हाताने अडवतात, पायाने अडवतात, सामान घुसवतात, दार आपल्या खाचेतून सरकतं. त्यात पावसाचं पाणी खाचेत उतरतं, लोखंडाची आणि रुळावरची धूळ त्याला चिकटते. साफ करायला अर्धा तास लागतो, पण पार्ट गेला तर तो मागवावा लागतो, आणि त्याच्या एकट्याकडे कितीतरी स्टेशनांच्या लिफ्ट होत्या. मी विचारलं, रोज कुणी बघायला येतं का? तो म्हणाला, ‘कम्प्लेंट आली की येतो ना, मॅडम.’ तो प्रामाणिक होता आणि त्याची चूक नव्हती. मी घरी येऊन हे अण्णांना सांगितलं. त्यांची जीभ अजून जड आहे, शब्द सावकाश येतात. ते म्हणाले, ‘म्हणजे… त्याला की-मॅन नाही.’

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. आता त्या स्टेशनला प्रभादेवी म्हणतात. सकाळची वेळ, अचानक आलेला पाऊस, पुलावर आडोशाला थांबलेली माणसं आणि खालून वर येणारी गाडीभर गर्दी. २३ जण गेले. आम्ही टीव्हीपुढे बसून होतो. अण्णांना तेव्हा रिटायर होऊन वर्ष झालं होतं. ते सारखं एकच विचारत होते, ‘जिना किती रुंद होता?’ पुढच्या दिवसांत पुष्कळ काही झालं. लष्कराला बोलावलं गेलं आणि त्यांनी ११७ दिवसांत नवा पूल उभा केला. पण माझ्या मनात रुतून बसली ती एक छोटी बातमी. तोवरच्या नियमानुसार स्टेशनवरचा पहिला पादचारी पूल तेवढा आवश्यक मानला जायचा. त्यानंतरचा प्रत्येक पूल ‘प्रवासी सुविधा’ या सदरात जायचा. त्या अपघातानंतर रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केलं, की यापुढे पादचारी पूल सुविधा न मानता आवश्यक मानले जातील.

म्हणजे ज्या जिन्यावर लाखो माणसं रोज चढत-उतरत होती, तो हिशेबाच्या वहीत सुविधा होता. बाक, पंखा, पाण्याचा नळ यांच्या रांगेत. पैसे उरले तर करायची गोष्ट. ती रांग बदलायला २३ माणसांचे प्राण जावे लागले.

त्याच्याही पाच वर्षं आधी, २०१२ साली, डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षा समितीने अहवाल दिला होता. देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसं रूळ ओलांडताना मरतात आणि त्यातली ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. रूळ ओलांडणाऱ्याला आपण चटकन बेशिस्त म्हणतो. मीही म्हणायचे. आता मला त्यातली काही माणसं वेगळी दिसतात. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण, जिला गर्दीच्या जिन्यावर पाटी सांभाळता येत नाही. गुडघे गेलेली आजी, जिला बेचाळीस पायऱ्या चढून परत बेचाळीस उतरण्यापेक्षा रुळावरून वीस पावलं जवळची वाटतात. तिचं चुकतंच. पण तिच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या होत्या आणि त्यातली एक तिच्या गुडघ्यांनी बंद केली होती.

कायदा यात कमी पडलेला नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सगळ्यांना वापरता येतील अशा करायला त्यात पाच वर्षांची मुदत होती. ती २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान काही गोष्टी सक्तीच्या हव्यात, आणि सरकारने त्या तीन महिन्यांत ठरवाव्यात. निकालाची बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. ‘सक्तीच्या’ या शब्दावर त्यांनी मान हलवली. त्यांना तो शब्द कळतो. क्लिप निखळलेली दिसली आणि लावली नाही, तर त्यांच्या नोकरीत त्याला शिफारस मोडली असं कुणी म्हणत नसे.

पैसा नाही, असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. या शहरात पैसा आहे. सागरी किनारा रस्त्याच्या १०.५८ किलोमीटरसाठी सुमारे १४,००० कोटी रुपये लागले. त्यावर दुचाकीला जायची परवानगी नाही, रिक्षाला नाही. बोगदा सुंदर आहे, मी त्यातून गेले आहे, गाडीत बसलेल्याची वीस-पंचवीस मिनिटं खरोखर वाचतात. पण मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं तेव्हा आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी एक बस सोडून चालत यायला सुरुवात केली. त्यांचीही वीस-पंचवीस मिनिटं गेली, रोज. कुणाची मिनिटं आधी वाचवायची, हे शहर दर अर्थसंकल्पात ठरवत असतं, आणि मावशींचा नंबर मी अजून पहिला लागलेला पाहिला नाही.

भुयारी मेट्रोबद्दल मात्र माझं मन वेगळं आहे, ते सांगते.

मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली, खर्च ३७,००० कोटींच्या वर. या मेट्रोसाठी तोडलेल्या आरेतल्या झाडांचं दुःख मला आहे आणि ते राहील. तरीही डिसेंबरमध्ये अण्णांना घेऊन मी गेले. माझी बहीण मरोळला राहते, तिच्याकडे दोन दिवस ठेवलं आणि एका सकाळी मरोळ नाक्याहून सीएसएमटीला निघालो. रस्त्यावरून लिफ्ट. लिफ्टपुढे पायरी नाही. खाली तिकिटाच्या जाळीतला एक दरवाजा रुंद, खुर्ची अलगद जाते. परत लिफ्ट, मग फलाट. फलाटाला काचेची भिंत, गाडी आली की गाडीचं दार आणि काचेचं दार समोरासमोर उघडतात. मी सवयीने खुर्चीची पुढची चाकं उचलायला वाकले. उचलावी लागली नाहीत. फलाट आणि डबा एका पातळीत होते. खुर्ची सरळ आत गेली, घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावी तशी.

मी दाराशी तशीच उभी राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही अण्णांना कुठेही न उचलता कुठेतरी घेऊन चाललो होतो.

लोकलमध्ये फलाट आणि पायदान यांच्यातल्या अंतराकडे लक्ष द्या असं दर स्टेशनला सांगतात. घाटकोपरला एक मुलगी त्या पोकळीत पडून दोन्ही हात गमावून बसली, तेव्हापासून, म्हणजे २०१४ पासून, फलाट उंच करायचं काम न्यायालयाच्या दट्ट्याने पुढे सरकलं. बरेच फलाट वर आले, आता पूर्वीसारखी खोल घळ दिसत नाही. तरी खुर्ची आत जाईल असा एकही फलाट माझ्या पाहण्यात नाही. दिव्यांगांच्या डब्यातही खुर्ची उचलूनच चढवावी लागते, आणि गाडी थांबते वीस-तीस सेकंद.

मेट्रोत अण्णांचं लक्ष वेगळ्याच गोष्टींकडे होतं. काचेच्या भिंतीमुळे रूळ दिसत नव्हता, याची त्यांना हुरहुर लागली. त्यांनी मान तिरकी करून आवाज ऐकला. ‘खडी नाही,’ म्हणाले. मी सांगितलं, रूळ थेट काँक्रीटवर बसवलेत. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग विचारलं, ‘पाणी कुठून जातं?’

प्रश्न अगदी नेमका होता. २६ मे २०२५ ला, त्या स्टेशनपर्यंत मेट्रो पोचून पुरते तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात चिखलाचं पाणी शिरलं. बांधकाम सुरू असलेल्या एका प्रवेशद्वाराची भिंत पाण्याच्या लोंढ्यापुढे टिकली नाही. पावसाळा त्या वर्षी मे महिन्यातच मुंबईत पोचला होता, तयारीला वेळ मिळाला नाही, हे खरं. पण वरळीचं पाणी कुठे साठतं हे वरळीत राहणाऱ्या कुणालाही माहीत असतं. भुयारातली गाडी पंपांवर जगते. पंप, पंख्यांची हवा, आणि सत्तावीस स्टेशनांच्या लिफ्ट आणि सरकते जिने. आज सगळं नवं आहे, चकचकीत आहे. पंधरा वर्षांनी या लिफ्टच्या दारांच्या खाचांत धूळ साचेल, सेन्सर जुने होतील. तेव्हा रोज सकाळी एक लिफ्ट बघत जाणारा आणि दुसरी बघत येणारा माणूस नेमलेला असेल का, त्याची वही असेल का, हे मला आत्ताच कुणाला तरी विचारायचं आहे. रात्री साडेदहाच्या पुढे मेट्रो बंद होते, पहाटेपर्यंत देखभालीला वेळ असतो, लोकलपेक्षा बराच जास्त. तो वेळ आहे तसा राखला जावा. उद्या गाड्या वाढवण्याच्या घाईत तो कुणी कमी करू नये.

सीएसएमटीला उतरून वर आलो. जुनी इमारत समोर होती. अण्णा इथे पगाराच्या कुठल्याशा तक्रारीसाठी एकदा आले होते, १९८४ साली, आणि साहेबाने पाच तास बसवून ठेवलं होतं, ती गोष्ट त्यांनी आम्हाला परत सांगितली. मग टॅक्सीने बहिणीकडे. संध्याकाळी ते आईला फोनवर सांगत होते, ‘कुणी हात लावला नाही मला. आपलं आपण गेलो.’ खुर्ची मी ढकलत होते. पण ते म्हणत होते ते बरोबर होतं.

घरी परतल्यावर मी तक्रार लिहिली. ऑनलाइन लिहिली, मग कागदावर लिहून स्टेशनवर नेऊन दिली आणि शिक्का घेतला. त्यात दोनच गोष्टी मागितल्या. लिफ्टपुढच्या तीन पायऱ्यांच्या बाजूने अठरा फुटांचा उतार, आणि लिफ्टच्या दारावर एक तक्ता, ज्यावर रोज बघणाऱ्याची सही आणि वेळ असेल. उतार अजून झालेला नाही. तक्ताही नाही. पण जानेवारीत लिफ्ट सुरू झाली आणि टिकली. रुग्णालयात जायचा वार नव्हता, तरी अण्णा म्हणाले, ‘चल, नुसतं जाऊन येऊ.’

नारळवाला स्वतःहून उठला आणि पत्रा सरळ करून धरला. वर गेलो, पूल ओलांडला, दुसऱ्या लिफ्टने खाली फलाटावर. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. फलाटाच्या टोकाला, जिथे उतार रुळाकडे जातो, तिथे बाकाशेजारी मी खुर्ची लावली आणि ब्रेक घातला. आम्ही दीड तास बसलो. गाड्या येत होत्या, जात होत्या. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. एक फास्ट लोकल धडधडत गेली तेव्हा त्यांनी डोळे न उघडता बोट वर केलं, मोजल्यासारखं हलवलं. ‘चाक चपटं झालंय एक. मागून तिसरा डबा.’ मला सगळे डबे सारखेच वाजले होते.

मग तो आला. नारिंगी जाकीट, खांद्यावर हातोडा, तिशीचा असेल. रुळाकडे बघत फलाटाच्या उताराशी आला आणि पाणी प्यायला थांबला. अण्णांनी त्याला हाक मारली. पहिल्यांदा त्याला शब्द कळले नाहीत, त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, ‘हे की-मॅन होते. याच सेक्शनला.’ त्याने बाटली खाली ठेवली, वाकून अण्णांच्या पायांना हात लावला आणि बाजूला उकिडवा बसला. अण्णांनी विचारलं, रोज किती क्लिपा निघतात. त्याने सांगितलं. सिग्नलपाशी पाणी अजून साचतं का. साचतं, म्हणाला, पण गेल्या वर्षी तिथली खडी मशीनने चाळून धुऊन घेतली, आता बरं आहे. त्याने पिशवीतून एक क्लिप काढून अण्णांच्या उजव्या हातात दिली. अण्णांनी ती वजन केल्यासारखी तळहातावर घोळवली आणि परत दिली. ‘जा,’ म्हणाले, ‘उशीर होईल.’

घरी येताना अण्णा उद्याही जाऊ म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, चहा टाकण्याआधी, मी चप्पल घालून स्टेशनवर गेले आणि लिफ्टचं बटण दाबून बघितलं. दार उघडलं. आत शिरून वर गेले, पूल ओलांडला, पलीकडच्या लिफ्टने खाली उतरले, तीही चालू होती. परत येताना जिन्याने आले. घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात वेळ लिहिली, सहा वाजून बारा मिनिटं, आणि खाली माझी सही केली.